गटार झाकलं म्हणजे संपलं नाही

'सांडपाण्याची गटारं झाकली की डेंग्यू आटोक्यात येईल' हे वर दोघांनी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. डेंग्यूचा एडिस डास मुख्यतः घरातल्या साठवलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत. गटारात वाढतो तो क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. गटारं झाकाच, पण पिंपंही झाका.

मला जास्त धास्ती वाटते ती डासांपेक्षा नळाची. जिथे पाणी ठरावीक तासच येतं, तिथे पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतला दाब उतरतो. पाइप गटाराला लागून गेला असेल आणि सांधा सैल असेल, तर बाहेरचं सांडपाणी आत ओढलं जातं आणि पुढच्या पाळीला थेट आपल्या हंड्यात. टायफॉइड, कॉलरा, कावीळ, सगळं याच वाटेने. त्यातही हिपॅटायटिस 'ई'ची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. शिवाय ती साधारण 2 ते 10 आठवड्यांनी दिसते. तोवर गळती बुजवलेली असते आणि दोष जातो पाणीपुरीवाल्याला! नळाला वास किंवा गढूळपणा जाणवला तर सुरुवातीचं पाणी पिण्यासाठी भरू नका आणि नंतरचंही उकळूनच प्या.