ऊसतोड मुलांच्या वसतिगृहासाठी सोशल मीडियावरून ४,४१,००० रुपये कसे उभे करावेत?

धारूरची_वाट

नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या एका हंगामी वसतिगृहासाठी विचारतोय. आईवडील उसाच्या फडावर गेले की गाळप संपेपर्यंत ४२ मुलं इथे राहून शाळा करतात. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे, १२ए (ट्रस्टला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या दोन्ही आयकर नोंदण्या आहेत. १ नोव्हेंबर २०२५ ते ३० मार्च २०२६ असे १५० दिवस, मुलामागे रोज जेवणाचे ७० रुपये, म्हणजे ४,४१,०००. आजवर पावतीपुस्तक घेऊन ओळखीपाळखीत वर्गणी व्हायची. यंदा व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्रामवरून आवाहन करायचं आहे. सुरुवात कुठून करावी? खजिनदारांचा जीपे नंबर टाकला तर चालेल का? मुलांचे फोटो कितपत टाकावेत?

टिपणवही

सगळ्यात आधी ते ४,४१,००० पोस्टरवरून काढा. एवढा आकडा बघून माणूस म्हणतो, माझ्या पाचशेनं काय होणार, आणि पुढे सरकतो. तुमच्याच हिशोबात चांगला आकडा पडलाय: ४२ गुणिले ७० म्हणजे २,९४०. सगळ्या मुलांचं एका दिवसाचं जेवण. ते जड वाटलं तर ४९० रुपयांत सात मुलांचा एक दिवस. असे ९०० वाटे झाले की काम फत्ते.

मग १५० चौकोनांचा तक्ता करा, दर चौकोनात एक तारीख. जमा झालेला दिवस रंगवायचा आणि रोज रात्री तोच तक्ता स्टेटसला लावायचा. स्टेटस २४ तासांत जातं, त्यामुळे रोज लावलं तरी कुणाला जाच होत नाही. आपल्याकडे वाढदिवस, वडिलांची तिथी, नातवाचं बारसं या निमित्तानं अन्नदान करायची रीत आहेच, तेव्हा देणाऱ्याला तारीख निवडू द्या. फक्त संक्रांत आणि २६ जानेवारीवर उड्या पडतात. म्हणून पहिल्याच पोस्टमध्ये लिहा: तारखेला नाव कितीही जणांचं लागेल, पैसे मात्र एकाच अन्ननिधीत जातील आणि जास्तीच्या रकमेतून पुढचा रिकामा दिवस रंगेल. हे नंतर सांगितलं तर सारवासारव वाटते.

मजकूर साधारण असा:

'ऊसतोड कामगारांची ४२ मुलं. १ नोव्हेंबर ते ३० मार्च. सगळ्यांचं एका दिवसाचं जेवण २,९४० रुपये, सात मुलांचं ४९०. आज १८ तारखेपर्यंत १५० पैकी ३७ दिवस भरले. खालच्या मेसेजमध्ये ट्रस्टचा यूपीआय आयडी आहे. पैसे पाठवल्यावर फॉर्म भरा, पावती ७ दिवसांत येईल. ३० मार्चनंतर हा मेसेज पुढे पाठवू नये.'

शेवटची ओळ गाळू नका. तारीख नसलेलं आवाहन वर्षानुवर्षं फिरत राहतं आणि कार्यकर्ते तिसऱ्या वर्षीही खुलासे करत बसतात.

यूपीआय आयडी वेगळ्या मेसेजमध्ये, एकटाच ठेवा. बोट दाबून धरलं की नेमका तेवढाच कॉपी होतो. नुसता क्यूआर पाठवू नका. ज्या फोनवर तो आला त्याच फोननं तो स्कॅन कसा करणार? गॅलरीतून उचलावा लागतो, आणि तसा उचललेला क्यूआर बऱ्याचदा २,००० च्या वरची रक्कम घेत नाही. तुमचा दिवस २,९४० चा आहे, म्हणजे नेमका तिथेच अडणार.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा जातो ती) २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. नवं सिम घेऊन एका दिवसात शेकडो अनोळखी लोकांना पाठवाल तर नंबर बंद पडेल. फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे जातो, म्हणून कार्यकर्त्यांना सांगा, फॉरवर्ड करू नका; मजकूर कॉपी करा आणि वर स्वतःच्या दोन ओळी लिहा. 'काका, तुमच्या साठाव्या वाढदिवसाची तारीख अजून रिकामी आहे' या एका ओळीचं वजन पन्नास ग्रुपांवरच्या पोस्टपेक्षा जास्त. महिन्याची पहिली तारीख ते सात तारीख, पगार झालेले असतात, तेव्हा जोर लावा.

जमाखर्च

खजिनदारांचा जीपे नंबर अजिबात नको. पैसे त्यांच्या वैयक्तिक खात्यात जातात, ते ट्रस्टकडे वळवले तरी देणगीदार ट्रस्टच्या खात्यावर दिसत नाही, आणि उद्या कुणी माहिती मागितली तर त्या सज्जन माणसाच्या गळ्याशी येतं. खात्यावर दोन सह्या लागतात म्हणून यूपीआय देता येत नाही, असं शाखेत ऐकवतील. तेव्हा फक्त जमेचा मर्चंट क्यूआर मागा. त्यातून पैसे बाहेर जात नाहीत, त्यामुळे सह्यांचा प्रश्न येत नाही. सोबत ट्रस्टचा पॅन, नोंदणी प्रमाणपत्र आणि विश्वस्तांचा ठराव न्या. पैसे पाठवताना समोर ट्रस्टचं पूर्ण नाव दिसतं का, ते १ रुपया पाठवून बघा. नाव अर्धवट किंवा भलतंच दिसलं की शहाणा माणूस तिथेच थांबतो.

वेबसाइटवर पेमेंट गेटवे लावायचा विचार असेल तर हिशोब करा. साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर २,९४० मागे ६९ रुपये ३८ पैसे जातात. म्हणजे दर दिवसामागे एका मुलाचं जेवण. क्राउडफंडिंगच्या काही साइट्स देणाऱ्याकडून वर 'टिप' मागतात, तीही आधीच भरून ठेवलेली असते. ते न कळून लोक तुमच्यावरच चिडतात. एवढ्या रकमेला थेट यूपीआय आणि एनईएफटी पुरे.

आता पावत्या. यूपीआयच्या बँक नोंदीत अर्धमुर्धं नाव येतं, पत्ता नाही, पॅन नाही. म्हणून गूगल फॉर्म हवाच: पूर्ण नाव, पत्ता, पॅन, रक्कम, तारीख, १२ अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक, कोणत्या तारखेला कोणाच्या नावानं. दर रविवारी स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवा आणि त्या १२ अंकांवरून जुळवा. अंक चिकटवण्याआधी तो कॉलम 'टेक्स्ट' करा, नाहीतर एक्सेल त्याचं ४.१२ई+११ करतं आणि काहीच जुळत नाही. स्क्रीनशॉटवर पावती फाडू नका. खोटे स्क्रीनशॉट बनवून देणारी ॲप्स आहेत. खात्यात जमा दिसलं, मगच पावती.

या आर्थिक वर्षातल्या देणग्यांचा १०बीडी, म्हणजे आयकर खात्याला द्यायची देणगीदारांची यादी, ३१ मे २०२६ पर्यंत भरायचा आणि मग प्रत्येकाला १०बीई हे देणगीचं प्रमाणपत्र द्यायचं. उशीर झाला तर रोजचे २०० रुपये. देणगीदाराची सवलत १०बीडीतल्या नोंदीवरच ठरते, त्यामुळे पॅनचा एक अंक चुकला तरी जूनमध्ये फोन सुरू होतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, कलमांचे क्रमांक बदलतील. या हंगामाची जमा ३१ मार्चच्या आत असल्यानं ती जुन्याच कायद्यात बसते. तरी सीएंना आत्ताच विचारून ठेवा.

पोस्टमध्ये 'करसवलत' ठळक करण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. नव्या करप्रणालीत ८०जी मिळतच नाही. जुनीत राहिलेल्यांनाही २,००० वरच्या रोख रकमेवर नाही, आणि कुणी ज्वारीचं पोतं दिलं तर त्यावरही नाही. पोत्याची वस्तुरूप पावती द्या, पण ८०जीचा शिक्का मारू नका.

गुप्तदानाबद्दल एक. 'नाव लिहू नका' म्हणणारे बरेच भेटतील. तक्त्यावर 'एक हितचिंतक' खुशाल लिहा, पण रजिस्टरात नाव-पत्ता हवाच. नाव-पत्त्याची नोंदच नसलेली रक्कम वर्षात १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतलं जे जास्त असेल त्याच्या पलीकडे गेली की त्यावर ३० टक्के कर लागतो.

उजेड_बघून

मुलांच्या चेहऱ्यांचे फोटो नकोत. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करायला मनाई आहे. तुमची मुलं त्या व्याख्येत बसोत न बसोत, नियम तोच पाळा. नाव, गाव आणि शाळा एकत्र लिहिलं तरी ओळख उघड होते. फडावरच्या आईबापांची संमतीसुद्धा 'हो म्हटलं नाही तर पोराला काढतील' या धाकातून आलेली असू शकते.

चेहरे नसले म्हणून फोटो मेलेला नसतो. भाकरीची टोपली वरून, कडेला पीठ लागलेले दोन हात. भिंतीला ओळीनं टांगलेली दप्तरं. कोठीच्या दारावरचा खडूनं लिहिलेला आजचा हिशोब: ज्वारी इतकी, तूरडाळ इतकी, तेल इतकं. हा शेवटचा फोटो सगळ्यात उपयोगी, कारण ७० रुपये कुठे जातात ते तोच दाखवतो. रडवणारं पार्श्वसंगीत लावू नका.

रील उभं, ३० ते ४० सेकंदांचं. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून ओळी पडद्यावर द्या. 'मुक्ता' किंवा 'बालू' हे फुकट मिळणारे देवनागरी फॉन्ट छोट्या पडद्यावर स्वच्छ वाचता येतात. इन्स्टाग्रामच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही. फॉर्मची लिंक बायोमध्ये किंवा स्टोरीच्या लिंक स्टिकरवर द्या.

सातासमुद्रापार

परदेशातले नातेवाईक विचारतीलच, तेव्हा पासपोर्ट कुठला ते पाहा. राहणं कुठेही असो, ग्रीन कार्ड असो. पासपोर्ट भारतीय असेल तर त्यांनी नेहमीच्या बँक मार्गानं पाठवलेले स्वतःचे पैसे कायद्यानं विदेशी योगदान धरले जात नाहीत. पासपोर्ट अमेरिकन आणि हातात ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असेल तर ते विदेशी योगदान, मग पैसे पुण्यातल्या एनआरओ (अनिवासींच्या रुपयांतल्या) खात्यातून रुपयांत आले तरी. एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान कायद्याखालची नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं असल्याशिवाय ते घेता येत नाहीत. फॉर्ममध्ये 'माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे' अशी सक्तीची खूण ठेवा आणि परदेशी नंबरवरून आलेल्यांकडून प्रत मागा. 'भावाच्या खात्यात टाकतो, तो देईल' याला नम्रपणे नाही म्हणा.

धारूरची_वाट

सगळ्यांचे आभार. क्यूआरसाठी उद्याच शाखेत अर्ज देतो. दोन शंका राहिल्या. १५० दिवस फेब्रुवारीतच भरले तर पुढे आलेल्या पैशांचं काय? आणि वाढदिवसाला येऊन मुलांना स्वतः वाढायचं म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

जमाखर्च

जास्तीचं कुठे जाईल ते आधीच एका ओळीत छापा: 'उरलेली रक्कम याच मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी.' तेवढी ओळ नसेल तर प्रत्येकाला विचारत बसावं लागेल. तक्ता भरला की त्याच दिवशी क्यूआरची पोस्ट काढून टाका.

आणखी एक फसवणूक लक्षात ठेवा. 'चुकून २,९४० च्या जागी २९,४०० गेले, उरलेले या नंबरवर परत करा' असा फोन येतो, सोबत स्क्रीनशॉट. खात्यात मुळात काही आलेलंच नसतं. खरंच आले असतील तर लेखी अर्ज घ्या आणि ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, बँकेमार्फत परत करा. फोन उचलणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला हे माहीत हवं.

टिपणवही

वाढायला येणाऱ्यांसाठी: महिन्यातला एक रविवार, एका वेळी चार माणसं, केक नाही, मोबाइल ऑफिसात ठेवायचे. जेवण रोजचंच. गोड आणायचंच असेल तर आदल्या दिवशी कळवून ४२ मुलांना आणि स्वयंपाकाच्या बायकांना पुरेल इतकं.