कळलावीचा कंद बाळंतपणात लावतात, लावू द्यावा का?

पाणंदवाट:
आमच्या गावी रत्नागिरीकडे पावसात कुंपणावर कळलावी माजते, गौरीला आम्ही तीच फुलं आणतो. वहिनीला आठवा महिना आहे आणि शेजारच्या आजी म्हणतायत कळा सुरू झाल्या की कंद उगाळून बेंबीला नि तळपायांना लेप द्या, पटकन सुटका होते, मूल झालं की लगेच धुवून टाकायचा. आजींनी पूर्वी बरीच बाळंतपणं केलीत म्हणून आई पण तयार झालीये. नुसत्या लेपाने काही होतं का? घरात दीड वर्षाचा पुतण्या पण आहे, वेल ठेवावा का?

काटेसावर:
लेप नकोच. आजी मनाचं सांगत नाहीयेत, आयुर्वेदात हीच लांगली, तिचं एक नाव गर्भनुत् म्हणजे गर्भ बाहेर ढकलणारी. पण तिथेच ती उपविषांत म्हणजे सौम्य विषारी वनस्पतींत मोजलीये आणि कंद गोमूत्रात भिजवून शोधन म्हणजे विष कमी केल्याशिवाय वापरत नाहीत, कुंपणातला कच्चा कंद उगाळणं ही वेगळीच गोष्ट झाली. त्यात किती विष आहे, अंगात किती जाईल याचा काही हिशोब नाही आणि त्या वेळी पोटात बाळ असतं. आईंना म्हणावं दवाखान्यात कळा वाढवायचं औषध मोजून देतात आणि बाळाचे ठोके बघत देतात.

औषधवाला_दादा:
वरच्यांशी सहमत. यातलं विष म्हणजे कोल्चिसीन, गाऊटवर (सांधे सुजून दुखतात तो आजार) डॉक्टर देतात ती गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते यावरून समजा किती थोडं पुरतं. ते पेशींचं विभाजनच थांबवतं त्यामुळे आतडी, अस्थिमज्जा, केस असं जिथे पेशी भराभर वाढतात तिथे आधी दणका बसतो. कंद पोटात गेला तर काही तासांनी उलट्या जुलाब सुरू होतात, मग कधी कधी माणूस सावरल्यासारखा वाटतो आणि घरचे निर्धास्त होतात, पण खरा धोका त्यानंतरच्या दिवसांत असतो, रक्तातल्या पेशी कमी होतात, किडनी जाते, वाचलेल्यांचे एकदोन आठवड्यांनी केस गळतात. याच्यावर सहज मिळणारा उतारा नाही म्हणून चुकून खाल्लं तर वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या, वेलाचा तुकडा पिशवीत घालून सोबत घ्या.

घाटमाथा:
वेल सरसकट उपटू नका हो, औषधासाठी कंद खणून खणून रानातली कळलावी खूप कमी झालीये. तामिळनाडूचं तर हे राज्यफूल, तिथे बियांसाठी शेतीच करतात, कोल्चिसीन काढायला बिया जातात. आमच्याकडे हे फूल घरात आणलं की भांडणं लागतात म्हणून बायका उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, तुमच्याकडे गौरीला चालतं हे वाचून बरं वाटलं. पुतण्याचं म्हणाल तर फुलापेक्षा बियांकडे लक्ष ठेवा, शेंग तडकली की आत लालभडक दाणे दिसतात आणि मुलं नेमकी तीच उचलतात. अंगणाजवळचा वेल कंदासकट काढून लांबच्या गडग्याला लावा, हातमोजे घाला. नुसता वरून कापलात तर पुढच्या पावसात परत फुटेल.

पाणंदवाट:
सगळ्यांचे आभार. दादांचा रिप्लाय आईला वाचून दाखवला, लेपाचं रद्द झालं. अंगणातला वेल बाबा उद्या काढतायत, मागच्या गडग्याला लावू. आजींशी आई स्वतः बोलणार आहे, त्यांना वाईट वाटू नये एवढंच.