औषधाची पहिली परीक्षा: उंदरावर की माणसाच्या पेशींच्या गोळ्यावर?

पेशीवाला:
मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. नवीन औषध लिव्हरला झेपेल का हे बघायला आपण अजून उंदीर, कुत्रा, माकड यांच्यावरच भिस्त ठेवतो. माझं म्हणणं, लिव्हरपुरतं तरी आधी माणसाच्या पेशींच्या थ्रीडी कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये सपाट थराऐवजी गोळा करून वाढवलेल्या पेशींना विचारा. १९९३ चं फियालुरिडिन बघा, हेपॅटायटिस बीवरचं औषध, प्राण्यांमध्ये धोका दिसलाच नाही आणि अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या ट्रायलमध्ये १५ पेशंटपैकी ७ जणांचं लिव्हर निकामी झालं, ५ गेले, दोघं ट्रान्सप्लांटमुळे वाचले. डिशमध्ये सपाट वाढवलेल्या लिव्हरच्या पेशी काही दिवसांतच ढेपाळतात, मग कित्येक आठवड्यांनी उलटणारं औषध त्या काय पकडणार? त्याच पेशी तळाला पेशी चिकटू न देणाऱ्या प्लेटमध्ये ठेवल्या की एकमेकींना धरून गोळा बनतात, म्हणजे स्फेरॉइड, आणि पाच आठवडे टिकतात. २०१६ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्यांनी अशा गोळ्यांना फियालुरिडिन पुन्हा पुन्हा दिलं आणि विषारीपणा दिसला. अजून काय पाहिजे?

जुना टॉक्सवाला:
अहो, ही तर उत्तरं फुटल्यावर दिलेली परीक्षा झाली! औषध उशिरा उलटतं हे २३ वर्षं माहीत होतं म्हणून तेवढे आठवडे दिलं. कोऱ्या मॉलिक्यूलला किती दिवस थांबायचं ते कोण सांगणार? आणि टीजीएन १४१२ घ्या, रोगप्रतिकारक पेशींना चेतवणारं अँटिबॉडी औषध, लंडन, २००६, सहा धडधाकट व्हॉलंटियर आयसीयूत गेले. माकडाला जो डोस पचला त्याच्या पाचशेव्या हिश्श्याने. सगळे म्हणतात माकड फेल, पण माणसाच्या रक्तपेशीही डिशमध्ये गप्पच बसल्या होत्या हे कोणी सांगत नाही. नंतर अँटिबॉडी प्लेटला चिकटवून दिली तेव्हा कुठे प्रतिक्रिया दिसली. पेशी माणसाच्या आहेत एवढ्यावर भागत नाही.

भोचक भवानी:
मी कॉमर्सवाली, पण एक विचारू? गोळा केल्याने एवढं काय बदलतं, पेशी त्याच ना?

पेशीवाला:
@भवानी कॅन्सरचं घ्या. सपाट थरात प्रत्येक पेशीला औषध थेट मिळतं. गोळ्यात ते बाहेरून आत झिरपावं लागतं, आतल्यांना ऑक्सिजन कमी, त्या विभागणं थांबवतात, आणि बऱ्याचशा केमोचा मारा विभागणाऱ्या पेशींवरच असतो. म्हणून प्लेटवर हिरो ठरलेलं औषध गोळ्यावर पडतं. खऱ्या गाठीतही तेच होतं.

मॅट्रिजेलग्रस्त:
पीएचडीत हेच करतोय, त्यामुळे राहवलं नाही. गोळा अर्ध्या मिलीमीटरच्या पुढे गेला की मधला भाग मरायला लागतो, रक्तवाहिन्या नाहीत ना. मग पेशी औषधाने मेल्या की उपासमारीने, यावर लॅब मीटिंगमध्ये भांडा. आणि ऑर्गनॉइड, म्हणजे अवयवाची नक्कल करणारे पेशींचे गोळे, ज्या मॅट्रिजेल नावाच्या जेलमध्ये वाढवतो ते उंदराच्या ट्यूमरमधूनच काढतात!! बर्फावर ठेवून पिपेट करायचं, जरा गरम झालं की टिपमध्येच घट्ट, आणि बॅच बदलली की रिझल्ट बदलला. प्राणीमुक्त म्हणताना जरा दमानं.

जुना टॉक्सवाला:
+१. शिवाय टर्फेनाडिन. ॲलर्जीची गोळी, लिव्हर ती झटपट मोडतं म्हणून एरवी ठीक. सोबत केटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध घेतलं की लिव्हरचं एन्झाइम अडतं, औषध रक्तात साचतं आणि हृदयाची लय बिघडते. एकट्या लिव्हरच्या गोळ्याला हे कळणार कसं, त्याच्याकडे हृदय कुठाय?

पेशीवाला:
पण ते कळलं बाजारात आल्यावर! म्हणजे प्राण्यांच्या चाळणीतून सुटलंच होतं की. तुमचा प्रत्येक दाखला शेवटी माझ्याच बाजूने पडतो साहेब. आणि नियमही बदललेत, अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती गेली, आपल्याकडे २०२३ मध्ये न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्समध्ये दुरुस्ती करून अशा पद्धतींना जागा दिली. २०२२ चाच लिव्हर-चिपचा, म्हणजे माणसाच्या लिव्हरच्या पेशी वाढवलेल्या छोट्या चिपचा पेपर आहे, २७ औषधं, विषारी असलेल्यांपैकी ८७ टक्के पकडली आणि निर्दोष एकाही औषधावर आळ घेतला नाही.

जुना टॉक्सवाला:
चिप बनवणाऱ्या कंपनीचाच पेपर तो, हेही लिहा की. आणि १३ टक्के सुटली ती कोणाच्या पोटात गेली असती? सक्ती गेली म्हणजे बंदी आली असं नाही, कंपन्या प्राणी वापरतातच आहेत. मी गोळ्याच्या विरोधात नाही हो, आधी गोळा, मग उंदीर, खुशाल करा. फक्त गोळा पास झाला म्हणून उंदीर गाळायचा म्हणत असाल तर तेच मॉलिक्यूल दोन वेगळ्या लॅबमध्ये, दोन वेगळ्या डोनरच्या पेशींवर, नाव झाकून चालवा आणि आकडे जुळवून दाखवा.

मॅट्रिजेलग्रस्त:
आमच्याकडे एकाच लॅबमधल्या दोघांचे जुळत नाहीत.