आदेश परत म्हणून दाखवला जातो, तरीही गैरसमज कसा होतो?

शंकेखोर (प्रश्न):

आमच्या गल्लीतील वाणी फोनवर यादी घेतली की शेवटी ती पूर्ण वाचून दाखवतो, आणि त्यामुळे तूरडाळीऐवजी मसूरडाळ येण्याचा प्रसंग सहसा उद्भवत नाही. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यातही हीच पद्धत सक्तीची आहे, असे वाचनात आले. असे असताना २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी तटरक्षक दलाचे विमान परवानगीशिवाय धावपट्टीवर कसे गेले? प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार त्या वैमानिकाने आदेश बरोबर परत म्हटला होता. १९९६ साली हरयाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर झाली, त्या अपघातात मात्र दोष इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानाला दिला गेला. मग मूळ अडचण भाषेची आहे की पद्धतीची? जाणकारांनी कृपया सांगावे.

मनोऱ्यावरचा:

मी बरीच वर्षे नियंत्रण मनोऱ्यात काम केले आहे, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो. या पद्धतीचे दोन भाग आहेत. वैमानिकाने आदेश परत म्हणणे, म्हणजे रीडबॅक, हा पहिला. आणि नियंत्रकाने तो खरोखर लक्ष देऊन ऐकणे, म्हणजे हिअरबॅक, हा दुसरा. कच्चा राहतो तो बहुधा दुसराच, कारण आपण जे बोललो तेच परत ऐकू येणार, असे कानाने आधीच ठरवलेले असते. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगर कंपनीचे मालवाहू बोइंग ७४७ उतरत असताना नियंत्रकाने २,४०० फुटांपर्यंत खाली येण्यास सांगितले, पण आकडा उच्चारला तो ‘टू फोर झीरो झीरो’ असा. त्यातला पहिला ‘टू’ वैमानिकांना ‘पर्यंत’ या अर्थाचा वाटला आणि उरले ४००. त्यांनी चारशेच परत म्हटले, तरी ते कोणी अडवले नाही. विमान टेकडीवर आदळले आणि चौघेही कर्मचारी दगावले. (विमानातील भूसान्निध्याचा इशाराही वाजत होता, त्याकडेही दुर्लक्ष झाले, एकाच चुकीने विमान क्वचितच पडते.) उंची सांगताना ‘थाउजंड’ आणि ‘हंड्रेड’ हे शब्द उच्चारण्याचा जो नियम आहे, त्याचे महत्त्व अशा वेळी कळते.

हानेदाचे प्रकरण अधिक अवघड आहे. नियंत्रकाने तटरक्षक विमानाला ‘नंबर वन’ म्हटले, म्हणजे उड्डाणाच्या रांगेत तुमचा क्रमांक पहिला, आणि धावपट्टीआधीच्या सी-५ या थांब्यापर्यंत येण्यास सांगितले. वैमानिकाने दोन्ही गोष्टी बरोबर परत म्हटल्या. परंतु आदल्या दिवशीच्या नोटो भूकंपातील आपद्ग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या त्या कप्तानाच्या मनात ‘आपल्याला आधी सोडत आहेत’ असा अर्थ ठसला आणि विमान धावपट्टीवर जाऊन सुमारे चाळीस सेकंद उभे राहिले. त्याच धावपट्टीवर जपान एअरलाइन्सचे एअरबस ए३५० उतरले आणि त्याच्यावर आदळले. एअरबसमधील सर्व ३७९ जण बाहेर पडले; तटरक्षक विमानातील सहांपैकी पाच जण मृत्युमुखी पडले. परत म्हणण्याने शब्द तपासले जातात, त्या शब्दांचा ऐकणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ झाला हे तपासले जात नाही. अपघातानंतर काही दिवसांतच तेथे रांगेतील क्रमांक सांगणे तात्पुरते थांबवण्यात आले.

दिल्लीकर:

चरखी दादरीविषयी थोडी भर घालतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी सौदिया कंपनीचे बोइंग ७४७ चौदा हजार फुटांपर्यंत चढत होते आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ पंधरा हजारांवर राहणे अपेक्षित होते. दोघांची टक्कर झाली आणि ३४९ जणांपैकी कोणीही वाचले नाही. कझाक विमानाला समोरून येणाऱ्या विमानाची सूचना देताना नियंत्रकाने आधी ‘चौदा मैल’ हे अंतर सांगितले आणि पाठोपाठ त्या विमानाची पातळी ‘वन फोर झीरो’, म्हणजे चौदा हजार फूट, म्हणून सांगितली. ती केवळ माहिती होती, आदेश नव्हता. पण इंग्रजी जेमतेम येणाऱ्याच्या कानावर लागोपाठ दोनदा चौदा पडले तर काय होईल, याची कल्पना करता येते. हा माझा तर्क आहे. अपघाताची चौकशी करणाऱ्या लाहोटी आयोगाने मात्र कझाक विमान नेमून दिलेली पातळी सोडून खाली आल्याचे आणि इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानामुळे सूचनांचा चुकीचा अर्थ लावला गेल्याचे स्पष्ट नोंदवले आहे.

खटपट्या:

सारा दोष इंग्रजीवर टाकणे मला पटत नाही. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ कोसळलेल्या अविआंका ५२ या विमानाच्या सहवैमानिकाला इंग्रजी येत होते. तासाहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालाव्या लागल्यावर त्याने ‘प्राधान्य हवे’ असे सांगितले, इंधन संपत आल्याचेही सांगितले, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नाही. सामान्य माणसाला इंधन संपत आले एवढे वाक्य पुरेसे वाटेल. मनोऱ्यात मात्र ठरलेल्या शब्दालाच वजन असते. तो आला नाही, म्हणून विमान इतरांसारखेच रांगेत राहिले. १५८ पैकी ७३ जणांचा मृत्यू झाला. आज अशा स्थितीसाठी ‘मिनिमम फ्युएल’ आणि त्यापुढे ‘मेडे फ्युएल’ (‘मेडे’ ही संकटाची हाक) अशा ठरावीक घोषणा आहेत.

आकड्यांचेही तसेच. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘एकवीस, बावीस’साठी ‘वीस एक, वीस दोन’ आणले, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता! वैमानिक दिशेचे अंक सुटे सुटे म्हणतात आणि ‘नाइन’ला ‘नायनर’ म्हणतात, ते ऐकायला विचित्र वाटते, पण खरखरीतून निसटत नाही.

शंकेखोर:

सर्वांचे आभार. मग सर्व आदेश लिखित संदेशानेच का पाठवत नाहीत?

मनोऱ्यावरचा:

पाठवतात. अरबी समुद्रावरील मुंबईच्या नियंत्रण क्षेत्रात लांब पल्ल्याच्या विमानांशी लिखित संदेशांची देवाणघेवाण होते. परंतु उतरण्याच्या वेळी संदेश वाचून उत्तर देण्याइतकी उसंत नसते. शिवाय बोललेला आदेश त्या रेडिओलहरीवरील प्रत्येक विमानाला ऐकू येतो आणि तिसराच वैमानिक कधी कधी चूक पकडतो. हानेदाला हा आधारही लाभला नाही: एअरबसला उतरण्याची परवानगी मिळाली आणि त्यानंतर काही सेकंदांनी तटरक्षक विमानाने त्या लहरीवर पहिल्यांदा हाक दिली.