विषय: बर्फीचे केस, न विचारता

नमस्कार मंडळी,

आई-बाबा महिनाभर इथे अमेरिकेत एडिसनला आलेत. त्यांची बर्फी, नऊ वर्षांची पांढरी स्पिट्झ कुत्री, कासारवडवलीला एका पेट सिटर मुलीकडे ठेवली आहे. सोमवारी त्या मुलीनं फोटो पाठवला: अंगभर मशीन फिरवलेली, गुलाबी कातडी उघडी, शेपटीच्या टोकाला तेवढा एक झुपका. आईला रडूच कोसळलं.

मुलगी म्हणाली, "काकू, ठाण्यात उकाडा केवढा! सारखी धापा टाकत होती. तुमच्याकडे रात्रीचा दीड वाजलेला, म्हणून उठवलं नाही."

हेतू वाईट नव्हता, मान्य. पण स्पिट्झच्या अंगावर दोन थर असतात, आत मऊ लोकर आणि वर लांब राठ केस. वरचा थर कातडीला ऊन लागू देत नाही. मुळापासून कापले की या जातीत कधीकधी वर्षभरही नीट केस येत नाहीत.

केसांचंही एक वेळ सोडून देऊ. बर्फीच्या हृदयाची झडप गळते, रोज दोन वेळा गोळी असते. बाबांनी मुलीला दिलेल्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनानं लिहिलं होतं: धाप लागली तर आधी डॉक्टरांना फोन. तिनं धाप म्हणजे उकाडा असं ठरवून टाकलं. संध्याकाळी शेजारच्या काकांनी बर्फीला दवाखान्यात नेलं. एक्स-रेत फुप्फुसात पाणी दिसलं.

आता ती मुलगी केस कापल्याचे १,५०० रुपये वेगळे मागते आहे. बाबा म्हणतात देऊन टाक, वाद नको. मला ते पटत नाही. तुम्ही काय केलं असतं?

---

ताई,

राहण्याचे ठरलेले पैसे पूर्ण द्या. न सांगितलेल्या कामाचे देऊ नका, आणि का देत नाही ते तिला नीट समजावून सांगा. रागावून फोन ठेवलात तर पुढच्या कुत्र्याच्या बाबतीतही ती हेच करेल.

नेरूळला आमच्या आईचा बोका असतो. जाताना आम्ही फाइल देतच नाही, फ्रिजवर एकच कागद लावतो: काय न विचारता करायचं, काय विचारूनच, आणि आमचा फोन लागला नाही तर नेरूळमधल्या कोणाचा शब्द अंतिम. तिसरी ओळ सगळ्यात कामाची. साडेनऊ तासांचं अंतर असताना आपण इथून वेळेवर पुरे पडत नाही. अगदी तातडीचं असेल तर विचारत बसायचंच नाही, थेट दवाखाना.

आणि बर्फी गाढ झोपली की मिनिटभर श्वास मोजायला सांगा. तिशीच्या वर जायला लागले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

---

दादा, मनापासून आभार. बर्फी आता शेजारच्या काकांकडे आहे. मुलीशी सविस्तर बोलले. १,५०० तिनं सोडले, आणि लाल अक्षरं वाचलीच नव्हती हे स्वतःहून कबूल केलं. काल रात्री काकांनी बर्फीजवळ बसून श्वास मोजले. २६ भरले. आई मग जेवली.