मदत हवी आहे: अमेरिकेतून एचएफ लिनियर आणायचाय, मंजुरीचं काय?

मंडळी, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. हॅम म्हणजे हौशी रेडिओचं जनरल ग्रेड लायसन्स, शंभर वॅटचा सेट, गच्चीवर डायपोल अँटेना. मावसभाऊ दिवाळीला न्यू जर्सीहून येतोय, लिनियर, म्हणजे शॉर्टवेव्हवर सेटचा सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर, आणतो म्हणतोय. आपली मर्यादा ४०० वॅटची, ती पाळूनच चालवीन.

तिकडं १४४ मेगाहर्ट्झखालच्या तयार ॲम्प्लिफायरला एफसीसीचं (तिथल्या दूरसंचार नियामकाचं) प्रमाणपत्र लागतं आणि २६ ते २८ मेगाहर्ट्झमध्ये त्यानं सिग्नल वाढवायचा नाही. १९७० च्या दशकात सीबीवाल्यांनी (२७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन्स बँडवर बोलणाऱ्यांनी) ॲम्प्लिफायर लावून घातलेल्या धुडगुसाचं हे फळ. हॅमनं स्वतःच्या स्टेशनपुरता बनवला तर मात्र प्रमाणपत्राची भानगड नाही. कडक आहे, पण निदान वाचून कळतं तरी!

तर, एफसीसीचं लेबल आपल्या डब्ल्यूपीसीकडं (रेडिओचे परवाने देणाऱ्या केंद्राच्या खात्याकडं) काही कामाचं आहे का? लिनियर नुसता सिग्नल वाढवतो, स्वतः तयार करत नाही. मग आयात परवान्याच्या अर्जात तो ट्रान्समीटर म्हणून दाखवायचा की सुटा भाग म्हणून? एक एजंट म्हणाला, "बॅगेत टाका की, कोण बघतंय!" असला सल्ला कृपया देऊ नका.

अलीकडं कुणी कस्टममधून रीतसर सोडवून आणला असेल तर कोणकोणते कागद लागले तेवढं सांगा. नाहीच जमलं तर उद्यमनगरात पत्र्याचा खोका वाकवून घेतो आणि घरीच जुळवतो.