फायबरच्या होडीचं 'फेअरिंग': मराठीत नक्की काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय. फायबरच्या होड्या दुरुस्त करायला शिकणाऱ्या मुलांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत करतेय, त्यात पानोपानी 'हल फेअर करून घ्या आणि मगच प्रायमर मारा' असं येतं (हल म्हणजे होडीचं बाहेरचं अंग, प्रायमर म्हणजे रंगाआधीचं अस्तर). डिक्शनरीत फेअर बघितलं तर गोरा, न्याय्य, जत्रा. मी आधी सगळीकडे 'गुळगुळीत करणे' लिहून मोकळी झाले, पण पुढे एक वाक्य आलं की 'पृष्ठभाग गुळगुळीत असला तरी फेअर असेलच असं नाही', आणि तिथे माझं सगळं भाषांतर कोसळलं. होडीवर काम करणारं कुणी आहे का इथे? किनाऱ्यावर याला काय म्हणतात?

—

ताई, मी मुंबईत मढला फायबरचंच काम करतो, बरीच वर्षं झाली. खरं सांगायचं तर आमच्याकडे याला एक असा शब्द नाही, 'लांबी भरून घासून घे' एवढंच बोलतात. लांबी म्हणजे पुट्टी बरं का, लांबी-रुंदीतली नव्हे, पुस्तिकेत पहिल्यांदा येईल तिथे हे स्पष्ट करा, शहरातल्या मुलांचा गोंधळ होतो.

पण तुम्हाला अडलेलं ते वाक्य शंभर टक्के बरोबर आहे आणि पूर्ण पुस्तिकेतलं तेच सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे असं मी म्हणेन. गुळगुळीत हे बोटाला कळतं, फेअर हे नजरेला आणि तळहाताला. होडीच्या कुशीवर, म्हणजे बाजूवर, दोन हात लांबीचा एक उथळ खळगा असला, मधे अर्धं सूतच (इंचाचा सोळावा भाग) खोल, तर त्यावरून बोट फिरवा, काचेसारखं लागेल, काही कळणार नाही. पण त्यावर चकचकीत रंग मारला की सकाळचं तिरकं ऊन पडल्याबरोबर तिथे प्रकाश मुरडतो. माझ्या सुरुवातीच्या एका होडीला हे झालंय. बंदीचे दिवस, १ जून ते ३१ जुलै होड्या शाकारलेल्या असतात तेव्हाच ही कामं निघतात, नारळी पौर्णिमेच्या आत होडी पाण्यात जायची म्हणून घाई, मी हातात मावेल एवढ्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून सगळी कूस घासली, हाताला एकदम मस्त लागत होती. निळा रंग मारला आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर पूर्ण कूस लाटालाटांची. मालक काही बोलला नाही पण मला ती होडी धक्क्याला लागली की अजून दिसते.

कारण सोपं आहे. छोटा ठोकळा खळग्यात उतरतो, खळगाही घासतो आणि उंचवटाही घासतो, म्हणजे खळगा तसाच राहतो फक्त गुळगुळीत होतो. त्यासाठी लांब फळी लागते, दोन-अडीच फुटांची, होडीच्या बाकाबरोबर, म्हणजे वळणाबरोबर, थोडी वाकणारी, ती खळग्यावरून तरंगत जाते आणि फक्त उंचवटे खाते. तीही सरळ आडवी नाही ओढायची, तिरकी, एकदा या कोनात आणि एकदा उलट्या कोनात, फुलीसारखी. म्हणून माझं म्हणणं, 'गुळगुळीत' तर नकोच आणि कुणी 'घोटीव' सुचवेल तर तेही नको, घोटणं म्हणजे चुन्याची घोटाई, तीसुद्धा गुळगुळीतच.

—

कुर्ल्याला आमचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, आम्ही याला सरळ 'लेवल काढणे' म्हणतो. दरवाजाचा पोचा ठोकून काढला, पुट्टी मारली, मग लेवल काढली. होडीला पण तेच चालेल की. आणि बाईकच्या पुढे बसवतात ते फेअरिंग, ते याच शब्दातलं का?

—

दादा, बाईकचं फेअरिंग याच घराण्यातलं आहे, हवा न अडखळता सरकावी म्हणून बसवलेलं आवरण. माझ्या वाचनात आलेलं असं की इंग्रजीत फेअरचा जुना अर्थ सुंदर, देखणा. जहाज बांधणाऱ्यांनी तो रेषेला लावला, ज्या रेषेत कुठे ठेच लागत नाही ती फेअर. जत्रावाला फेअर वेगळा, तो लॅटिनमधून आलाय, सुट्टीच्या-सणाच्या दिवसावरून. आपल्याच मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजं बांधणाऱ्या पारशी घराण्याने सागवानी जहाजं बांधली, १८१७ चं ट्रिंकोमाली तर अजून इंग्लंडात तरंगतंय, तेव्हा त्या गोदीत ही कल्पना नक्की रोज हाताळली जात असणार, मग मराठीत, गुजरातीत काय म्हणत असतील याचा विचार मनात येतो.

'लेवल'बद्दल मात्र मला शंका आहे. लेवल म्हटलं की डोक्यात सपाट येतं, पाण्याच्या पातळीसारखं. होडीत सपाट असं काहीच नाही, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत सगळा बाकच.

—

मढवाला पुन्हा. ताईंशी सहमत, नव्या पोराला 'लेवल काढ' सांगितलं तर तो खरोखर बाक सपाट करून ठेवतो, हे मी बघितलंय.

गॅरेजवाल्या दादांना एक सांगायचंय, भांडण म्हणून नाही. तुमची गाडीची पुट्टी आणि आमची लांबी यात फरक ठेवायला हवा, आणि पुस्तिकेतही दोन वेगळे शब्द ठेवा. गाडीची पुट्टी पॉलिस्टरची, तिच्यात शंखजिऱ्याची भुकटी असते, ती पाणी पिते. पाण्याच्या वरच्या भागात छोट्या कामाला चालून जाईल, पण पाण्याखालच्या भागाला इपॉक्सीच (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) पाहिजे, त्यात काचेचे पोकळ बारीक मणी, मायक्रोबलून म्हणतात ते, कालवायचे. त्याने लांबी हलकी होते आणि घासायला सोपी जाते. घट्ट करायला सिलिका घालतात, ओघळत नाही त्यामुळे, पण जास्त झाली तर घासता घासता खांदे निखळतात. 'इपॉक्सीची लांबी' आणि 'गाडीची पुट्टी' असं लिहिलंत तर कुणी चुकणार नाही.

आणि ताई, तुमच्या पुस्तिकेत 'साफ करा' असा शब्द किती ठिकाणी आहे ते तपासा. हे मी फेअरिंगपेक्षाही तळमळीने सांगतोय. आपण धुण्याला, पुसण्याला, घासण्याला सगळ्यालाच साफ करणं म्हणतो, इथे मात्र क्रम चुकला तर रंग सोलून निघतो. साच्यातून काढलेल्या फायबरवर मेण असतं, साचा सुटावा म्हणून लावलेलं. आधी घासलं तर ते मेण पेपरच्या ओरखड्यांत जाऊन बसतं, मग कितीही पुसा. म्हणून आधी थिनरने पुसायचं, एका फडक्याने ओलं पुसून लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्यायचं, फडकी बदलत राहायची, आणि मगच घासायचं. इपॉक्सीचं उलट आहे, ती सुकताना वर कधीकधी चिकट मेणचट थर येतो तो थिनरने नाही, साध्या पाण्याने आणि घासणीने धुवायचा, तोही घासायच्या आधी. तेव्हा 'धुवा', 'पुसा', 'घासा' हे तीन शब्द वेगळे ठेवा आणि 'साफ' पूर्ण काढून टाका. आपल्या पावसाळी हवेत तर हे फारच जपावं लागतं, ताडपत्रीखाली सुद्धा होडी घामेजलेली असते.

—

मी फक्त एक शब्द सुचवायला आलोय. वडील सुतार, लालबागला चाळीत खाली त्यांचं दुकान होतं. दाराची चौकट उभी केली की एक डोळा मिटून कडेकडेने बघायचे आणि म्हणायचे 'सुतात आहे' किंवा 'सुतात नाही, आण सुतात'. तर फेअर म्हणजे सुतात असणे, फेअरिंग म्हणजे सुतात आणणे, असं का नको?

—

वा, हा शब्द आवडला! फक्त सूत म्हणजे ताणलेला दोरा, तो सरळच असणार, बाकाला चालेल का?

—

चालेल ताई, उलट फारच चपखल आहे. आम्ही काय करतो, एक लवचिक लाकडी पट्टी होडीच्या कुशीवर वाकवून धरतो, पट्टी आपोआप जो बाक घेते तोच होडीचा खरा बाक. जिथे पट्टीखालून उजेड दिसतो तिथे खळगा, जिथे पट्टी डुगडुगते तिथे उंचवटा. म्हणजे ते वाकवलेलं सूतच झालं की. रात्री ट्यूबलाईट होडीला चिकटवून धरली की तेच सावल्यांनी दिसतं. नाहीतर काळ्या स्प्रेचा हलका फवारा मारून फळी फिरवायची, काळं जिथे उरलं तो खळगा, तिथे पुन्हा लांबी. काळं सगळीकडून एकसारखं गेलं की सुतात आली. मी उद्यापासून पोरांना हेच सांगणार. 'बाक सुतात आण.'

—

मग ते वाक्य असं केलंय, बघा: 'होडी हाताला गुळगुळीत लागली म्हणजे सुतात आली असं नाही. ४० नंबरचा पेपर लावलेल्या लांब फळीने तिरकं घासून बाक सुतात आणा, खळग्यांत लांबी लावा, ८० नंबरने पुन्हा घासा, आणि बाक सुतात आल्यावरच अस्तराचा हात मारा.'

—

एकदम बरोबर, फक्त लांबी 'लावा' नको, 'भरा' करा. लांबी भरतात, हात मारतात.